आषाढातलं वारं

आषाढ लागला की महारवाड्यातल्या बाया घरं सारवायला घेत. वर्षभर पोटामागे धावणाऱ्या या बायांना न्हाण्याधुण्याला आणि देवाधर्माला उसंत मिळायची ती याच दिवसांत. मंगळवारी-शुक्रवारी हलगी वाजायला लागायची, उदाचा धूर कोंदायचा आणि दाटीत बसलेली एखादी सून बसल्या जागी डोलू लागायची. मग केस सुटायचे, घुमणं सुरू व्हायचं. एरवी जिचा आवाज शेजारच्या घरातही ऐकू जात नसे, ती अख्ख्या वाड्याला दरडावून विचारायची, माझी आठवण का ठेवली नाही? सासू पुढे होऊन तिच्या कपाळी मळवट भरायची. नवरा पायावर डोकं ठेवायचा. नारळ, लिंबं, हिरवं लुगडं, ती जे मागेल ते कबूल व्हायचं. बाईच्या अंगात वारं आलं, असं वाडा म्हणायचा. वारं ओसरलं की ती पुन्हा सून व्हायची आणि चुलीपुढे जाऊन बसायची.

हे चित्र तेव्हाच्या कितीतरी वाड्यांचं होतं. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमचं’ या आत्मकथनात ते फार जवळून लिहिलं. १९२९ साली जन्मलेल्या बेबीताईंचं लहानपण पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात, आजोळी गेलं आणि पुढचं आयुष्य फलटणला. त्यांनी पाहिलेल्या वाड्यात मरीआई होती, पोतराज होते, देवीच्या नावाने सोडलेला रेडा होता. थोरला मुलगा देवाला वाहून त्याला पोतराज किंवा वाघ्या करण्याची रीत होती. आणि वाड्यातल्या सुनांचे उरलेले अकरा महिनेही त्यांनी तितक्याच सरळपणे लिहिले. बाहुली खेळण्याच्या वयात लग्न, पहाटेपासून दळण, उपाशी बाळंतपणं. सासरच्या जाचाने पळून गेलेली पोर धरून आणली की तिच्या पायात लाकडी खोडा ठोकायचे. खोडा म्हणजे पाय अडकवणारा जड ओंडका. तो ओढत ती घरातली सगळी कामं करायची.

खोडा घालणारं घर आणि पायावर डोकं ठेवणारं घर एकच होतं. सुनेचं बोलणं त्या घराला ऐकावं लागायचं ते देवी तिच्या तोंडून बोलत असताना. म्हणून अंगात येण्याकडे नुसती अंधश्रद्धा म्हणून पाहणं अपुरं आहे. बेबीताईंनी तसं पाहिलं नाही. या देवांनी आपल्या माणसांना किती फसवलं याची चीड त्यांच्या लिहिण्यात ठायी ठायी आहे, पण घुमणाऱ्या बाईविषयी मात्र माया आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि हे देव वाड्यातून जायला निघाले. देव गेले, हे सगळे इतिहास सांगतात. देवीच्या तोंडून बोलणाऱ्या त्या बाईचं पुढे काय झालं, तिच्या मनातली भीती कशी गेली आणि तिला जे बोलायचं होतं ते ती नंतर कुठे बोलली, ही गोष्ट मात्र बायांच्याच आठवणींतून वेचावी लागते.

तिची सुरुवात नागपूरच्या दीक्षेच्या शंभर वर्षं आधी होते. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये पुण्यातल्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध दोन अंकांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. वेद वाचण्याचा अधिकार ब्राह्मणांनाच असेल तर आम्ही धर्मपुस्तक नसलेले ठरतो, मग आमचा धर्म तरी कोणता, असं ती देवालाच विचारते. मातंग समाजातली, तीन वर्षं शिकलेली पोर हे विचारते आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या बायांच्या बाळंतपणातले हाल सांगू लागते. घरावर छप्पर नाही, अंगाला थंडी-वारा लागतो, हे ती लिहिते. ज्या धर्माने आपल्याला वाळीत टाकलं तो सोडायचा म्हणजे नेमकं काय सोडायचं, हा प्रश्न मराठीत बहुधा इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा एका मुलीनेच विचारला.

पुढचा धागा जेजुरीच्या वाटेवर सापडतो. खंडोबाला मुली वाहण्याची, त्यांना मुरळी करण्याची चाल मोडायला पुण्याचे शिवराम जानबा कांबळे १९०८ साली सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रातून लिहीत होते. ते वाचून शिवूबाई नावाच्या एका मुरळीने आपली कहाणी त्या पत्राला लिहून पाठवली. आपलं जिणं तिला नकोसं झालं होतं. पत्र छापलं गेलं आणि कांबळे यांच्या कार्यकर्त्यांपैकी गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केलं. देवाशी लग्न लागलेल्या बाईने माणसाशी लग्न करणं हे त्या काळी देवाचा कोप ओढवून घेण्यासारखं होतं. लोकांची तोंडं बंद करता आली असतील, पण लहानपणापासून मनात बसलेल्या खंडोबाला शिवूबाईने कसं समजावलं असेल? तिच्या पत्राची आठवण ठेवताना हा प्रश्नही लक्षात ठेवावा असा आहे.

महाडचा इतिहास सांगताना चवदार तळं आणि मनुस्मृतीची होळी सांगितली जाते. डिसेंबर १९२७ च्या त्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायांसाठी वेगळी सभा घेतली. तिथे ते लुगडं कसं नेसावं यावर बोलले. गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडं आणि गळ्या-हातांतले जातीची ओळख सांगणारे जाडजूड दागिने टाका, पायाच्या घोट्यापर्यंत लुगडं नेसा, घर स्वच्छ ठेवा, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं. परिषद संपण्याच्या आत बायांनी लुगडी नेसण्याची तऱ्हा बदलली. बाहेरच्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण कोणी किती लांब कापड नेसायचं हेही जात ठरवत होती, आणि ती जात धर्माने नेमून दिली होती. मनातली भीती मोडायची तर आधी अंगावरची खूण मोडावी लागते, हे त्या बायांना कोणी वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

मनातला देव मात्र लुगड्याइतका लवकर बदलत नाही. खुद्द बाबासाहेबांच्या घरात त्यांच्या पत्नी रमाबाईंना पंढरपूरला जायची आस होती. अस्पृश्यांना विठोबाचं दर्शन देवळाबाहेरूनच घ्यावं लागे. जिथे आपल्या माणसाला आत घेत नाहीत त्या पंढरपूरला जाऊन काय करायचं, आपण आपली वेगळी पंढरी उभी करू, असं बाबासाहेबांनी त्यांना समजावल्याचं त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यांची वारी राहून गेली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ही घोषणा ऐकणाऱ्या हजारो घरांत एकेक रमाबाई होती आणि तिच्या मनात एक विठ्ठल होता, हे ध्यानात घेतलं की पुढची एकवीस वर्षं का लागली ते कळतं. पंढरपूरचं देऊळ १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलं, तोवर कितीजणींची आस कडवट झाली होती.

त्या एकवीस वर्षांत बाया सभांना जायला शिकल्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गाच्या स्त्रियांची परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. बायकोला घटस्फोटाचा हक्क हवा, एका पुरुषाने अनेक बायका करण्यावर कायद्याने बंदी हवी, असे ठराव तिथे झाले. हिंदू कोड बिलाची लढाई दिल्लीत पेटायला अजून काही वर्षं होती. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून उभं राहावं, दासी होणं नाकारावं, असं बाबासाहेब त्या सभेत म्हणाले. ज्या बायांच्या आयांनी खोडा पाहिला होता त्या हे ऐकत होत्या.

मग १९५६ ची विजयादशमी आली. नागपूरच्या मैदानावर पांढऱ्या कपड्यांतली लाखो माणसं. कुशीनगरचे भिक्षू चंद्रमणी महास्थवीर यांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी माईसाहेबांना दीक्षा दिली, नंतर बाबासाहेबांनी स्वतः लोकांना. बावीस प्रतिज्ञा उभ्याने म्हटल्या गेल्या. पहिल्या प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांची नावं आहेत. यांतल्या बहुतेकांच्या देवळांची पायरी त्या बायांनी कधी चढलेलीच नव्हती. त्यांच्या अंगात जी यायची, त्यांची पोरं जी न्यायची, त्यांच्या स्वप्नात येऊन जी नवस मागायची ती मरीआई, यल्लम्मा, लक्ष्मीआई प्रतिज्ञांत नावाने नाही. ती ‘कोणत्याही देव-देवते’मध्ये आली. व्यासपीठावरून ज्यांची नावं घेतली ते देव शब्दांनी सोडता आले. ज्यांची नावं घेतली नाहीत ते घरी जाऊन एकेकीला हाताने उचलावे लागले.

ते उचलणं गावोगाव झालं. देव्हाऱ्यातले टाक, दगडाला शेंदूर फासलेले तांदळे, परड्या, कवड्यांच्या माळा, बेलभंडाऱ्याच्या पिशव्या पाटीत भरून नदीला, विहिरीला, खाडीला नेऊन सोडल्या. पुरुषांच्या आठवणींत हा विजयाचा क्षण आहे, आणि तो खराच विजयाचा होता. पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईच्या मनात त्याच वेळी धाकही होता. हे टाक आजेसासूने दिलेले, तिला तिच्या सासूने. यांच्यापुढे मागितलेलं मूल जगलं होतं. आज यांना पाण्यात सोडलं आणि उद्या मुलाला ताप आला तर?

मुलांना ताप यायचाच. गोवर, कांजिण्या, देवी. अंगावर फोड आले की देवी आली असं म्हणायचं, लिंबाचा पाला बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, आजाऱ्याला नावाने हाक मारायची नाही, हे पिढ्यांपिढ्यांचं शहाणपण होतं. रोगाचं नावच देवी होतं. तिला पाण्यात सोडल्यानंतरची पहिली साथ ही खरी कसोटी होती, कारण तेव्हा बाई, सासू आणि तो देव्हाऱ्याचा रिकामा कोनाडा, एवढेच घरात असत. कितीजणींनी रात्री गुपचूप नारळ फोडला असेल आणि सकाळी लाजेने कोणाला सांगितलं नसेल. त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. लस टोचणारा माणूस वाडीत आला, टोचलेली मुलं जगू लागली, तसा हा धाक हळूहळू सैल झाला. भारतातच लागण झालेला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. दीक्षेनंतर जवळजवळ वीस वर्षं रोग वाड्यात येत राहिला आणि बायांना दर वेळी नव्याने देवी नाकारावी लागली.

भाकरीचाही प्रश्न होता. धर्म सोडला म्हणजे महारकी सोडली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, सांगावा घेऊन धावायचं नाही, दारोदार शिळं मागायचं नाही. ती शिळी भाकरी मागून आणायला बहुतेक बाईच जायची आणि ती बंद झाल्यावर त्या जागी काय शिजवायचं हा हिशेबही तिचाच. गावाने बहिष्कार टाकला, दुकानदाराने मीठ-मिरची बंद केली, पाणवठ्यावर शिव्या दिल्या, तरी बाया मागे फिरल्या नाहीत. महारकीसारखी वतनं रद्द करणारा अधिनियम १९५८ साली आला. त्याआधीच कित्येक घरांनी ती ओंजळ झटकून टाकली होती.

कागदाचाही त्रास होता. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळेनात. महाराष्ट्राने आपल्या अखत्यारीतल्या सवलती राज्यस्थापनेनंतर दिल्या, केंद्राने कायदा बदलून त्या १९९० साली दिल्या. मधली तीस-चौतीस वर्षं घरी जयभीम म्हणणाऱ्या पोरीला शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ राहावं लागे. ज्या नावाची लाज मनातून काढायची तेच नाव दर जूनमध्ये फॉर्मवर लिहायचं. तरी १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत अडीच हजारांच्या आतबाहेर असलेले बौद्ध १९६१ मध्ये २७ लाख ८९ हजारांवर गेले. एवढ्यांनी नुकसान सोसून खरं ते लिहिलं.

धर्म सोडणारी बाई एकटी असली तर काय होतं याचंही एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज इथे होत्या. सोबत लहान मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. त्या सप्टेंबरात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या थोडं आधी आनंदीबाईंनी परक्या देशात आपला जीव संपवला होता. रमाबाई कणखर होत्या. त्यांनी पुढे शारदा सदन उभारलं, दुष्काळात हजारो मुली-बायांना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. पण आपल्या माणसांत परत येऊनही त्या अखेरपर्यंत परक्या ठरवल्या गेल्या आणि ते दुःख त्यांनी एकटीने वाहिलं. १९५६ नंतरच्या बाईला हे एकटेपण आलं नाही. तिच्याबरोबर सासू होती, नणंद होती, पाटी डोक्यावर घेतलेली शेजारीण होती. समुपदेशक हा शब्दही कोणी ऐकला नव्हता. मनाची जखम भरून काढायला त्यांच्याकडे एकमेकींचा शेजार होता.

आणि त्यांनी एक फार शहाणं काम केलं. जिथून देव उचलला ती जागा त्यांनी मोकळी ठेवली नाही. कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आली. दिवा तोच राहिला, पण त्यापुढे नवस उरला नाही. बुद्धाकडे काही मागायचं नसतं, हे पोरांना सांगता सांगता बाया स्वतःही शिकल्या. ज्याच्याकडे मागायचं नसतं त्याचा कोपही होत नाही, हे लक्षात यायला त्यांना वेळ लागला, पण ते लक्षात आल्यावर छातीवरचा दगड उतरला.

पांढरं लुगडं तर त्यांनी उलटं करून नेसलं. पांढरं म्हणजे विधवेचं, अपशकुनी, असं गावाचं गणित. दीक्षेपासून पांढरी साडी उपासिकेची झाली. वंदनेला, मंगल परिणयाला, जयंतीला, मिरवणुकीच्या अग्रभागी पांढऱ्या साड्यांच्या रांगा दिसू लागल्या. त्या रांगेत कोण सवाष्ण आणि कोण विधवा हे ओळखू येत नाही. जिला हळदीच्या मांडवात मागे उभं राहावं लागायचं ती त्रिसरण म्हणायला पुढे बसू लागली. पुष्कळ घरांत कुंकू राहिलं, मंगळसूत्र राहिलं. काहीजणींनी ते आवडीने ठेवलं, काहीजणींना लोकांच्या नजरांचा त्रास नको होता. पण नवरा मेला म्हणून बाई अशुभ होते, ही समजूत त्या रांगेत टिकली नाही.

मग जातं. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांकडून १९९६ साली जात्यावरच्या शेकडो ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरच्या लाखावर ओव्यांचा जो संग्रह उभा केला त्यातल्या या. ओवीची चाल तीच, विठ्ठलाला आळवणारी. हाताचा फेर तोच. पण आता त्या ओळीत भीमराय येतो, रमाबाई माहेरवाशिणीसारखी येते, बुद्ध येतो, बाई त्यांना आपल्या अंगणात बोलावते. विठ्ठल सोडताना आईच्या गळ्यातली चालही सोडावी लागली असती तर तो फार मोठा तोटा झाला असता. बायांनी चाल ठेवली आणि नाव बदललं. यात त्यांची जी सूज्ञता आहे तिच्यावर एखादं वेगळं पुस्तक होईल.

सगळ्यांत सुंदर बदल आषाढाचा झाला. आषाढ पौर्णिमा ही बुद्धाच्या पहिल्या उपदेशाची. तिथून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. ज्या महिन्यात हलगी वाजायची, बाया घुमायच्या, त्याच महिन्यात संध्याकाळी विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन सुरू होऊ लागलं. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या मागे, १९५७ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे मराठीत आला. वाचणारी बहुधा शिकलेली मुलगी किंवा सून, ऐकायला चटईवर वाडीतल्या म्हाताऱ्या. त्यांतल्या काहींच्या अंगात कधीकाळी वारं आलेलं. सून वाचते आहे आणि सासू मान डोलावते आहे, ते डोलणं आता ऐकण्याचं आहे.

इथपर्यंत ही कहाणी सुखाची वाटते. पण एक जागा बायांनाही लवकर भरता आली नाही. देवीच्या तोंडून नवऱ्याला जे ऐकवता येई ते आता कोणाच्या तोंडून ऐकवायचं? अंगात येणं गेलं ते चांगलंच झालं, मात्र त्याबरोबर नवऱ्याने बायकोच्या पायावर डोकं ठेवण्याचा एक दिवसही गेला. धर्म बदलला, पण घराघरांत नवरा तोच राहिला. सभेत समतेवर बोलून आलेला माणूस घरी ताट आपटू शकतो, हे चळवळीतल्या बायांना नीट ठाऊक होतं आणि बराच काळ त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. आपल्या माणसांची नाचक्की होईल, वरच्या जातीचे हसतील, ही भीती मरीआईच्या भीतीपेक्षा चिवट निघाली. बौद्ध परंपरेतही भिक्षुणींना भिक्षूंच्या खाली बसवणारे नियम आहेत. बाबासाहेबांनी १९५१ साली ‘महाबोधी’ नियतकालिकातल्या लेखात बुद्धाने स्त्रियांना हीन लेखलं हा आरोप जोरकसपणे खोडला होता. तरी ग्रंथात बाईला मिळालेली जागा घरात तिला आपसूक मिळत नाही.

फलटणला बेबीताई नवऱ्यासोबत छोटं दुकान चालवत. माल बांधायला येणाऱ्या रद्दीतले कागद त्या वाचत. शाळा चौथीपर्यंतची, लग्न तेराव्या वर्षी. नवरा संशयी होता, हातही उगारत असे, हे त्यांनी पुढे मुलाखतीत शांतपणे सांगितलं. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी त्या लिहू लागल्या आणि लिहिलेलं घरच्यांच्या नजरेआड लपवत राहिल्या. वीस वर्षं. ज्या बाईने मरीआईला नाकारलं, जी सभांना गेली, तिने आपल्याच घरात आपली वही वीस वर्षं लपवली. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळे हे लेखन बाहेर आलं. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापून येऊ लागलं, १९८६ साली पुस्तक झालं. तोवर कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आलं होतं. स्त्री-शूद्रांनी ज्या भाषेचा शब्द ऐकू नये असं धर्मशास्त्र म्हणे त्या संस्कृतात नागपूरची ही मुलगी एम. ए. झाली. सोमकुवर आडनावाने मिळत नसलेली नोकरी आंतरजातीय लग्नानंतरच्या पावडे आडनावाने मिळाली, हे तिने लिहून ठेवलं. शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ही याच सुमाराची.

या बाया एकमेकींना पाहून लिहीत नव्हत्या. फलटण, नागपूर, सोलापूर, सगळ्या आपापल्या जागी. तरी पाच-सहा वर्षांच्या आत त्यांची पुस्तकं येतात. दीक्षेच्या वेळी ज्या जाणत्या मुली किंवा तरुण सुना होत्या त्या तेव्हा चाळिशी-पन्नाशी ओलांडत होत्या. लेकरं मोठी झाली होती, भीतीचे देव मनातून बऱ्यापैकी गेले होते, आणि उरलेलं बोलायला आता कोणाच्या अंगात येण्याची वाट पाहायची नव्हती.

१९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधत त्या गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना त्यांनी बोलतं केलं. शिवूबाईच्या पत्राची, १९४२ च्या परिषदेची, कितीतरी अनाम बायांची आठवण आज हाती आहे ती या दोघींमुळे. घरात ज्यांना कोणी कधी काही विचारलं नव्हतं त्यांच्यासमोर कोणीतरी वही उघडून बसलं आणि ‘तुम्ही सांगा’ म्हणालं, याचं मोल मोठं आहे.

उर्मिला पवार यांचं स्वतःचं ‘आयदान’ २००३ साली प्रसिद्ध झालं. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याची ही मुलगी दीक्षेच्या वेळी अकरा वर्षांची होती. तिची आये बांबूच्या बेळांची सुपं-टोपल्या विणायची, विणता विणता रडायची. नवरा गेलेला, तरणा मुलगा गेलेला. मुलगी नोकरीला लागली, लग्नानंतर मराठीत एम. ए. झाली, लिहू लागली, सभांतून बोलू लागली, आणि शिकलेल्या, चळवळ मानणाऱ्या घरातही नवऱ्याला हे सगळं जड गेलं. तिने तेही लिहिलं. आयेचं विणणं आणि आपलं लिहिणं यांची वीण एकच आहे, असं तिला वाटतं.

बेबीताई २०१२ साली गेल्या. फलटणजवळ निंबुऱ्याला त्यांनी वंचित घरांतल्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली होती. त्यांचं पुस्तक आज उघडलं की सुरुवातीलाच वीरगावचा तो वाडा भेटतो. सारवलेली घरं, न्हालेल्या बाया, उदाचा धूर, आणि दाटीत बसल्या जागी डोलायला लागलेली एक सून.